गाडी झोपेपर्यंत

त्याला सगळे मीटर म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना कपाटामागे पडला होता, त्यामुळे ते नाव आता कोणाच्याच कामाचं उरलं नव्हतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस मोजल्याशिवाय तोंड उघडत नसे. गिऱ्हाईक म्हणे, "बॅटरी गेली वाटतं." हा म्हणे, "वाटतं ते राहू द्या. आधी मोजू." आणि मोजल्यावर जो आकडा येई तोच सांगे, ना एक कमी ना एक जास्त. त्याची बायको चारचौघांत म्हणायची, "लग्नाला हो म्हणायच्या आधी याने माझ्याही दोन टोकांना वायरी लावून बघितल्या असतील. मी झोपेत असेन म्हणून कळलं नाही."

त्या गुरुवारी सकाळी एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्क, पण खणखणीत.

"माझी गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की मरते. दोन दुकानं झाली. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने ती बदललेली बॅटरी बदलली. आता शेजाऱ्याच्या गाडीला वायरी जोडून चालू केली आहे, तुमच्या दारात येईपर्यंत बंद करणार नाही. तलावापलीकडे राहते. दहाला पोचते."

तलावापलीकडून दुकानापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. बाई आल्या सव्वाअकराला, आणि त्याही भलत्याच दिशेने, हायवेकडून.

"उशीर झाला. रस्त्यात खोदकाम चाललंय," काच खाली करत त्या म्हणाल्या.

मीटर रोज त्याच रस्त्याने यायचा. तिथे कोणी कुदळ मारल्याचं त्याच्या पाहण्यात नव्हतं. बॉनेटवर हात ठेवला तर तवा. आतला पंखा भणाणत होता. वीस मिनिटांत गाडी एवढी तापत नाही. हे त्याने मनात टिपलं आणि सोडून दिलं. गिऱ्हाईक कुठून फिरून येतं हे बघायला त्याच्याकडे मीटर नव्हता.

दुकानासमोर विजेचा खांब आणि पाण्याचं पिंप यांच्या मधोमध जेमतेम एक गाडी मावेल एवढी जागा होती. तिथे गाडी लावताना रोज कोणी ना कोणी खांबाला घासून जाई. शहरातल्या सगळ्या गाड्यांचे रंग त्या खांबाने अंगाला लावून घेतले होते. बाईंनी आरशात एकदा पाहिलं, मान वळवून एकदा, आणि उलटी गाडी एका दमात आत घातली. दोन्ही बाजूंना सारखी वीतभर जागा.

"शिकलात कुठे?" मीटरच्या तोंडून निघून गेलं.

"शिकले नाही, शिकवलं. एकतीस वर्षं. ड्रायव्हिंग स्कूल होतं माझं. या शहरात जे नीट चालवतात ते माझ्या हाताखालचे."

"आणि हे खांबाला घासणारे?"

"ते तिसऱ्या दिवशी रडून पळालेले."

मीटर हसला. बाई हसल्या नाहीत, पण खूश झालेल्या दिसल्या. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, पाठीचा कणा शाळेतल्या पट्टीसारखा. गाडीतून उतरताना त्यांनी स्टिअरिंगवर हात फिरवला, आपण निघताना घरातल्या माणसाच्या पाठीवर फिरवतो तसा.

"हे बघा, तुम्हाला स्पष्ट सांगते," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "रविवारी मुलगी येतेय. तिचं म्हणणं, तू एकटी, गाडी दर आठवड्याला बंद पडते, विकून टाक. मी म्हटलं, बंद पडते हा बॅटरीचा दोष, माझा नाही. आमचं ठरलंय. रविवारी सकाळी ती स्वतः किल्ली फिरवणार. गाडी चालू झाली तर राहील. नाही झाली तर जाईल. आता मला सांगा, गाडी गेली तर मी काय करू? विणत बसू?"

"येत नाही का विणकाम?"

"चांगलं येतं. म्हणून तर धास्ती आहे."

मीटरने बॉनेट उघडलं. बॅटरी नवीकोरी. मोजून पाहिली. तिच्यात काही खोट नव्हती. गाडी चालू असताना चार्जिंग होतंय का तेही पाहिलं. होत होतं.

"म्हणजे येणारं बरोबर येतंय," तो म्हणाला. "गाडी बंद असताना कोणीतरी आतून खातंय. चोर घरातलाच आहे."

"तेच मी त्या दोघांना सांगत होते. पण बाईमाणसाने गाडीतलं सांगितलं की दुकानदारांना कानात पाणी गेल्यासारखं होतं."

त्याने बॅटरीची काळी वायर सोडवली आणि बॅटरी आणि वायर यांच्या मध्ये आपला मीटर जोडला, म्हणजे गाडीत जाणारा करंटचा थेंबन् थेंब त्याच्यातून मोजून जाईल. दार उघडंच ठेवलं, पण दाराच्या कडीत स्क्रूड्रायव्हर घालून ती खटकन बसवली. आता गाडीला वाटणार, दार बंद आहे.

"खोटं बोललात तिच्याशी," बाई म्हणाल्या.

"कामापुरतं. बाई, हल्लीच्या गाड्या बंद केल्या की लगेच झोपत नाहीत. आपल्यासारखंच. दिवे मालवले तरी डोकं चालू असतं. एकेक भाग निजत निजत चाळीस मिनिटं जातात. बाकीचे दोन मिनिटांत मोजतात आणि म्हणतात, एवढा करंट खातेय, बॅटरीच खराब. गाडी झोपल्यावर मोजायचं असतं. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"चाळीस मिनिटं?"

"चाळीस."

मीटरने चहा मागवला. गाडी झोपेपर्यंत दोघं समोरासमोर बसले, पाळण्याजवळ बसतात तसे, आवाजही आपोआप हळू.

"मला कुठून शोधलंत?" त्याने विचारलं.

"आमच्या ह्यांच्या वहीत. त्याचंच नवल वाटतंय. ह्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एकतीस वर्षं माझ्याकडे जग गाडी शिकून गेलं आणि हा माणूस शेवटपर्यंत सायकलवर. मी म्हणायची, दिव्याखाली अंधार तो हाच. आणि त्यांच्या वहीत, आडनाव नाही, पत्ता नाही, नुसतं 'मीटर' आणि तुमचा नंबर."

"असतील कधी आले."

"आठ महिने झाले त्यांना जाऊन."

मीटरने हातातला कप खाली ठेवला.

बाईंनी चहा फुंकला. "दारात बसून बूट घालत होते. एक घातला होता. मी गाडी घेऊन बाहेर गेले होते, यायला दुपार झाली. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. त्यांना काय जातं म्हणायला." थोडं थांबून त्या एकदम हसल्या. "आणि सायकल अजून सापडलेली नाही!"

"चोरीला गेली?"

"छे हो. विसरले असणार कुठेतरी. शेवटची तीन-चार वर्षं त्यांना तो आजारच झाला होता. सायकलवर जायचे आणि चालत यायचे. नाहीतर माझ्या गाडीतून. मी म्हणायची, 'सायकल कुठाय?' तर डोकं खाजवायचे. 'पोस्टाजवळ राहिली वाटतं.' दुसऱ्या दिवशी बसने जाऊन घेऊन यायचे. मी सगळ्या नातेवाइकांत सांगायची, आमच्या ह्यांना विसरण्याचं लागलंय, लक्ष ठेवावं लागतं. ते बसलेले असायचे समोरच. नुसते हसायचे. भांडायचेसुद्धा नाहीत."

"तुमच्या गाडीतून कसे काय?"

"तीच तर गंमत. हा माणूस कुठेही उगवायचा! मी दवाखान्याकडे गेले, हे तिथे फाटकात. मी ग्रंथालयाकडे, हे कोपऱ्यावर. एकदा तर गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर. हातात कांद्यांची पिशवी. आता सांगा, पेट्रोल पंपावर कोण कांदे आणायला जातं? मला बघून म्हणतात कसे, 'बरं झालं भेटलीस, आता घरी सोड मला.' आणि बसले की टकळी सुरू. 'इथून डावीकडे घे ना, मला चष्म्याच्या दुकानात डोकवायचंय.' 'आता पुलावरून घे, पाणी किती चढलंय बघू.' दुकान आलं की म्हणायचे, 'राहू दे आता, उद्या बघीन.' मी म्हणायची, नवरा आहात की पाठीमागे लागलेलं मांजर?"

त्या बोलत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता. मीटर ऐकत होता. त्याच्या मनात कुठेतरी काटा किंचित हलला, पण अजून आकडा दाखवत नव्हता.

चाळीस मिनिटं झाली. दोघं उठले.

निरोगी गाडी झोपेत तीस मिलिअँपिअर खाते, चिमणीएवढं. मीटरवर एकशे नव्वद दिसत होते. मग दोनशे चाळीस. पुन्हा एकशे नव्वद. पुन्हा दोनशे चाळीस.

"ही झोपलेली नाही," मीटर म्हणाला. "कूस बदलतेय."

मग फ्यूज. गाडीतल्या प्रत्येक भागाला वेगळा फ्यूज असतो. एकेक काढत जायचा, ज्याला काढल्यावर आकडा खाली येईल तो चोर. मीटर वाकून फ्यूजच्या पेटीपाशी बसला. झाकणामागचा तक्ता वाचायला चष्मा शोधू लागला तर बाई स्टुलावरूनच म्हणाल्या, "राहू द्या, मी सांगते. एक, पुढचे दिवे डावे. काढा."

"काढला. दोनशे चाळीस."

"दोन, दिवे उजवे."

"एकशे नव्वद. दोनशे चाळीस. तेच."

"तीन, हॉर्न. चार, वायपर. वायपर नसणार, पण काढा. पाच, आतला दिवा आणि रेडिओ. इथेच असतो चोर नेहमी."

"काढला. फरक नाही."

सव्वीसच्या सव्वीस फ्यूज बाईंनी न बघता म्हटले, पाढ्यांसारखे. एकही चुकला नाही. सव्वीस फ्यूज फडक्यावर ओळीने मांडून झाले, गाडीचा जीव सगळा बाहेर काढून ठेवला, तरी आकडा तसाच कूस बदलत राहिला.

"म्हणजे फ्यूजच्या अलीकडे आहे," बाई म्हणाल्या. त्यांना कळलं होतं. "थेट बॅटरीवरून."

"कोणातरी गाढवाने फ्यूज न लावता थेट वायर घेतलीय," मीटर चिडून म्हणाला. त्याच्या धंद्यात याहून मोठं पाप नव्हतं. "आग लागली असती एखाद्या दिवशी. असल्या माणसाच्या हातून पक्कड काढून घेतली पाहिजे."

त्याने बॅटरी वायरींसकट उचलून बाजूला ठेवली. खालच्या पत्र्याच्या कडेने एक बारीक लाल वायर मूळच्या वायरींच्या जुडग्यात शिरली होती. इतक्या सफाईने, की शोधणाऱ्यालाच दिसावी. त्याने बोटांनी माग काढला. वायर चाकाच्या वरच्या पोकळीत गेली होती. तिथे जोड होता, जोडावर टेप, आणि टेपवर मेणातला पांढरा दोरा, एकमेकांना चिकटून सात वेढे, शेवटी चपटी गाठ.

मीटरचा हात तिथेच थांबला.

त्याचे वडील पुस्तकं बांधायचे. इंजिनच्या उष्णतेने टेप सुटते, पण मेण लावलेला बाइंडिंगचा दोरा सुटत नाही, हे त्याला वडिलांच्या टेबलाखाली बसून कळलं होतं. जोडावर सात वेढे आणि चपटी गाठ असलं काम या शहरात एकच माणूस करत होता.

गाढव तोच होता.

मग सगळं एकदमच आठवलं. चार वर्षांपूर्वी एक काका दुकानात आले होते. सडसडीत, पायाला सायकलची क्लिप, ओशाळवाणं हसू. म्हणाले, घरी यावं लागेल, गाडी मला चालवता येत नाही. बायको बहिणीकडे गेलीय दोन दिवस, तेवढ्यात करायचंय. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणारी ती छोटी पेटी लावायची होती. मीटर असल्या पेट्या टॅक्सीवाल्यांना डझनांनी लावायचा. पण ती बायकोच्या गाडीला चोरून लावायची हे घरी गाडीपाशी पोचल्यावर कळलं, तेव्हा तो फटकन म्हणाला होता, "असल्या भानगडीत मी पडत नाही."

काका रागावले नाहीत. गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "तसलं नाही हो. ती रस्ते विसरायला लागलीय. हात नाही विसरले, हात अजून तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणे आहेत. रस्तेच तेवढे जातायत. तिला कळलं तर ती त्याच दिवशी किल्ली ठेवून देईल, आणि किल्ली ठेवली की संपलीच ती. मी फक्त आसपास असतो."

आणि मग हळूच: "फ्यूजमधून नका घेऊ वायर. तिला फ्यूज पाठ आहेत. एक जास्त दिसला तर माझी धडगत नाही."

तेवढ्यासाठी मीटरने जन्मात पहिल्यांदा फ्यूजशिवाय वायर ओढली होती.

त्यानंतर काका दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला दुकानात यायचे, त्या पेटीतल्या सिमकार्डाचा रिचार्ज मारून घ्यायला. त्यांना फोनमधलं जमायचं नाही. मीटर त्यांना रिचार्जवाले काका म्हणायचा. रिचार्ज होईस्तोवर ते त्या वर्षीचा आकडा सांगायचे. पहिल्या वर्षी म्हणाले, पाच वेळा. मग नऊ. मागच्या थंडीत म्हणाले होते, एकवीस. यंदा थंडी आली, अर्धी सरली, काका आले नाहीत. मीटरला वाटलं होतं, घरातल्या कोणीतरी शिकवलं असेल रिचार्ज करायला.

रिचार्ज संपला होता. पेटी बंद पडली नव्हती. ती दर काही सेकंदांनी हाक मारत होती, उत्तर येत नाही म्हणून झोपतच नव्हती, आणि बॅटरी पीत होती.

"काय झालं?" बाईंचा आवाज आला. "आकडा सांगा."

"सापडलं," तो म्हणाला. "किरकोळ आहे. वायर घासलीय."

"आकडा सांगा म्हटलं, तुम्ही वायर सांगताय." बाई उठून आल्या. पर्समधून चष्मा काढला, वाकल्या, आणि चाकावरच्या पोकळीत डोळे बारीक करून पाहिलं. काड्यापेटीएवढी काळी पेटी, तिच्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. "हे मी लावलेलं नाही."

"गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लावतात."

"कोणी लावलं?"

मीटरने हात फडक्याला पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"अहो मीटर. मी एकतीस वर्षं लोकांच्या शेजारी बसलेय. माणूस खोटं बोलणार असला की आधी त्याचा पाय ब्रेकवर जातो. बोला."

तो बोलला. फडक्यावर मांडलेल्या फ्यूजकडे बघत त्याने सगळं सांगितलं. क्लिप, बहिणीकडचे दोन दिवस, टपावरचा हात. काकांनी 'कळलं तर किल्ली ठेवून देईल' म्हटलं होतं तेही सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर बाकीचं खोटं झालं असतं.

बाई आधी हसल्या. खरंच हसल्या, मोठ्याने. "कांदे! तरीच! पेट्रोल पंपावर कांदे घेऊन! धापा टाकत होते हो. मी म्हटलं, वय झालं तुमचं, कांद्यांचं ओझं होतंय." हसू थोडं लांबलं आणि मग त्यांनाच कळेना की ते कुठे थांबवायचं. त्यांनी पिंपाचा आधार घेतला.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी काही मोजलं नसेल."

"मोजलं असेल. आयुष्यभर हिशेबनीस होते ते. मीटर म्हणवता ना? सांगा."

त्याने उभ्या आयुष्यात आकडा लपवला नव्हता, आणि आता पहिल्यांदा त्याला वाटलं की साधारण म्हणावं, दोन-चार म्हणावं. 

"मागच्या वर्षी एकवीस," तो म्हणाला.

बाई बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. पोस्ट, दवाखाना, ग्रंथालय, पंप. बहिणीच्या घराजवळचा चौक. बसस्टँड. सहाव्या बोटावर थांबल्या.

"मला सहाच आठवतात. आणि त्यातही मी हरवले होते असं एकदाही आठवत नाही. ते भेटले एवढंच आठवतं." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी जगभर सांगत सुटले की ते विसरतात. त्यांच्या तोंडावर. त्यांच्या बहिणीसमोर. एकदा तर मुलीला म्हटलं, बाबांची तपासणी करून घेऊ. गेले हो तपासणीला! मुकाट्याने गेले. डॉक्टरांनी आजचा वार विचारला तर वार सांगून आले."

मीटरने फडक्यावरचा एक फ्यूज उचलून पुन्हा ओळीत ठेवला.

"मग त्या दिवशी..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "सायकल आधीच कुठेतरी राहिलेली. मी गाडी घेऊन बाहेर. आणि ते दारात बसून बूट घालत होते. एकच घातला होता." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "कुठे निघाले होते?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

रस्त्यावरून एक दूधगाडी गेली. फडक्यावरचे फ्यूज किंचित खुळखुळले.

बाईंनी विचारलं, अगदी कामाच्या आवाजात, "आता काय काय करता येईल?"

"रिचार्ज मारला तर पेटी झोपेल. बॅटरी टिकेल. पण मग ती कोणाच्या तरी फोनला जोडावी लागेल. कोणीतरी बघणारं पाहिजे."

"मुलीला सांगावं लागेल."

"हो."

"आणि तिला सांगितलं की गाडी गेलीच. दुसरं?"

"पेटी काढून टाकायची. आत्ता, दहा मिनिटांत. रविवारी तुमची मुलगी किल्ली फिरवील आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू होईल. गाडी राहील."

"आणि मी आज तुमच्याकडे यायला पावणेदोन तास घेतले. खोदकाम नव्हतंच. तुम्हाला माहीत होतं."

"बॉनेट तापलं होतं," मीटर म्हणाला.

बाई गाडीकडे बघत राहिल्या. बॉनेट उघडं, बॅटरी बाहेर, फ्यूज फडक्यावर. दवाखान्यात अर्धे कपडे काढून बसवलेल्या माणसासारखी ती दिसत होती.

"काढा," त्या म्हणाल्या.

त्याने वेढे कापले नाहीत. सात वेढे उलटे उलगडले. पेटी सुटली तसा लाल ठिपका दोनदा लुकलुकला आणि विझला. त्याने ती पुसून बाईंच्या तळहातावर ठेवली. बॅटरी जागेवर बसवली, फ्यूज लावले, त्याही वेळी बाईंनीच आकडे सांगितले, पण आता आवाज खालचा होता. पुन्हा मीटर लावला, पुन्हा कडीत स्क्रूड्रायव्हर, पुन्हा चाळीस मिनिटं. काम झालं म्हणून न मोजता सोडणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

आकडा उतरत गेला. तीनशे. एकशे दहा. साठ. अठ्ठावीस. आणि अठ्ठावीसवर थांबला, हलला नाही.

"झोपली," मीटर म्हणाला.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "एक तरी झोपली."

निघायची वेळ झाली तेव्हा त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "मलाही तलावाकडे जायचंय, बाई. सोडता का?"

बाईंनी त्याच्याकडे एक क्षण रोखून पाहिलं. "बसा. पट्टा लावा. दार हळू लावा, ते काही तुमच्या कपाटाचं नाही."

त्यांनी गाडी खांब आणि पिंपाच्या मधून अशी काढली, जशी सुईतून दोरा. आरसा, इशारा, क्लच. पाय आणि हात न सांगता काम करत होते. मीटरच्या मनात आलं, हे हात बघितले तर कोण म्हणेल? तिठ्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिठ्यावर गाडी हळू झाली. इशारा लागला नाही, ना डावा ना उजवा. बाई समोर बघत होत्या. मागून कोणीतरी हॉर्न दिला.

"डावीकडून घेता का?" मीटर म्हणाला. "मला जरा बल्बच्या दुकानात डोकवायचंय."

बाईंनी डावा इशारा दिला. गाडी वळली. थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "या रस्त्याला बल्बचं दुकान नाही."

"नाही का?"

"रस्ता नाही आठवत. पण तुमचा चेहरा वाचता येतो. हेही असंच वाईट खोटं बोलायचे आणि मी चार वर्षं खरं मानलं." मग डोळ्यांवरून उलटा हात फिरवला आणि पुन्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर, दहाच्या आणि दोनच्या ठिकाणी.

घर आलं. फाटक उघडं होतं. त्यांनी गाडी उलटी, एका दमात, भिंतीपासून वीतभर अंतरावर लावली. भिंतीपाशी एक रिकामी जागा होती, फरशीवर सायकलच्या चाकांचे जुने काळे पट्टे. बाईंनी हँडब्रेक ओढला आणि हात त्याच्यावरच ठेवला.

"रविवारी याल?" त्यांनी विचारलं. "मुलीसमोर किल्ली फिरवा. बॅटरी उत्तम आहे म्हणून सांगा, आकड्यासकट. चांगल्या घरी जाईल गाडी. शिकणाऱ्याच्या हातात देऊ नका म्हणावं, निदान पहिलं वर्ष."

"बाई, मुलीला गाडी चालू झालेली दिसली की ती तर..."

"मी सांगेन तिला. ठरलं होतं ते बॅटरीचं ठरलं होतं. हे आता वेगळं आहे."

मीटरने मान हलवली. तो उतरणार तेवढ्यात त्यांनी हाताची मूठ उघडली. पेटी अजून तिथेच होती, घामाने ओली.

"त्यांचा फोन कपाटात आहे. मी कुठे कुठे हरवले, ते त्यात असेल का अजून?"

"असेल. जुने ठिपके राहतात. चार्ज करून बघावं लागेल."

"शेवटचासुद्धा? ते जाण्याच्या आधीचा? मला कुठे भेटले होते ते?"

"बघतो. सापडेल बहुतेक." आणि बहुतेक म्हटलं म्हणून त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

बाई भिंतीजवळच्या काळ्या पट्ट्यांकडे बघत होत्या.

"मग रविवारी लवकर या. मुलगी यायच्या आधी. गाडी द्यायच्या आधी एक फेरी मारायचीय. त्यांची सायकल तिथेच कुठेतरी उभी असेल, आठ महिने उन्हापावसात. आणायला हवी." त्यांनी किल्ली काढली, इंजिन बंद झालं, आणि आतले दिवे एकेक करून मालवू लागले. "गाडी मीच चालवेन. तुम्ही शेजारी बसा."

"बसेन."

"आणि बल्बचं दुकान, चष्म्याचं दुकान असलं काही नको," बाई म्हणाल्या. "रस्ता सरळ सांगा मला."